छातीतली थोरली

त्या वर्षी तळं पार तळाला गेलं. आधी काठ उघडे पडले, मग मधली हिरवट डबकी उरली, मग तीही गेली आणि राहिली ती भेगाळलेली काळी माती. एरवी पाण्याखाली दडलेली ही माती विटांना लाख मोलाची. भट्टीवाल्यानं काठावर उभं राहून ती डोळे भरून पाहिली आणि म्हणाला, "पाऊस पडायच्या आत जेवढी वर येईल तेवढी आपली. एकदा पाणी भरलं की बसा बोंबलत."

मग घरातली झाडून सगळी माणसं तळ्यात उतरली. सगळी म्हणजे कोण? भट्टीवाला स्वतः, त्याची म्हातारी आई, पहिल्या बायकोची मुलगी आणि दुसरी बायको. मुलगी अंगापिंडानं एवढीशी आणि सदा काहीतरी उचलून चाललेली, म्हणून तिला मुंगी म्हणत. दुसऱ्या बायकोला धाकटी म्हणत. थोरली वारून किती दिवस लोटले होते, तरी धाकटी ती धाकटीच. थोरलीची जागा जणू अजून रिकामी झालीच नव्हती.

भट्टीवाला कुदळीनं ढेकळं काढायचा. धाकटी आणि मुंगी पाट्या भरून चढावरून वर वाहायच्या. म्हातारी वर बसून मोगरीनं ढेकळं फोडायची, खडे वेचायची. पाणी दूरच्या विहिरीवरून यायचं. शेजारचा गाडीवान पिंपं भरून आणायचा. ते सगळं चिखलाला लागायचं, परसातल्या वाफ्याला त्यातला थेंब मिळत नव्हता. पालेभाजी जळून गेली, शेंगांचे वेल वाळून कुंपणावर लोंबत राहिले. कोंबड्या होत्या, पण अंडं भट्टीवाल्याच्या ताटात, कारण कुदळ तो मारत होता. डाळ शिजली तर वरवरची पातळ कुणाला आणि तळाची दाट कुणाला, हे ठरलेलं असायचं. दाट त्याला, थोडी म्हातारीला, आणि मुंगीची नि धाकटीची पाळी येईपर्यंत भांड्यात पिवळं पाणी. त्यात पेज कालवायची, मिठाचा खडा चावायचा आणि वर कडक कोरा चहा घ्यायचा. चहानं भूक मरायची. भूक मेली की काम व्हायचं.

पहिल्यांदा ते झालं ते चढावर. धाकटीच्या डोक्यावर भरली पाटी होती. अर्ध्या वाटेवर तिच्या छातीत काहीतरी उलटलं. मुठीत धरलेला बेडूक सुटायला धडपडावा तसं. मग एक क्षण काहीच नाही, सगळं थांबल्यासारखं, आणि मग असे ठोके सुटले की गळ्यापर्यंत, कानापर्यंत आले. ती जागच्या जागी उभी राहिली. पाटी कलली आणि माती घरंगळत पुन्हा तळ्यात गेली.

"आंधळी झालीस का?" भट्टीवाला खालून ओरडला.

"छातीत धडधडतंय."

"धडधडणारच. मेल्यावर थांबतं ते."

पिंप उतरवणारा गाडीवान खो खो हसला. धाकटीही ओशाळून हसली, गुडघ्यावर बसली आणि सांडलेली माती हातानं गोळा करू लागली. ती वर पोचली तेव्हा म्हातारीची मोगरी थांबलेली होती.

"कसं धडधडतं?" म्हातारीनं हळूच विचारलं.

"एक ठोका चुकतो. मग धावत सुटतं."

म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं नाही. "तिलाही असंच व्हायचं," ती म्हणाली, आणि पुन्हा ढेकळं फोडू लागली.

तिला म्हणजे थोरलीला. थोरली याच अंगणात गेली होती. वाळत घातलेल्या विटांच्या रांगांमधून पाटी घेऊन जाताना तिनं पाटी खाली ठेवली, "येते जरा," म्हणाली आणि रचलेल्या विटांना टेकून बसली. झोप लागली असेल म्हणून कुणी उठवायला गेलं नाही. भट्टीवाल्यानं लांबूनच दोनदा हाक मारली होती, जराशी चिडूनच. हे धाकटीला लग्न होऊन आल्यावर शेजारणींकडून कळलं होतं. घरात मात्र कुणी थोरलीचं नाव काढत नसे. तिचा फोटो नव्हता, कपडा नव्हता, हातची एखादी वस्तूही कुणी दाखवली नव्हती. आता मात्र ती आली होती, आणि नेमकी धाकटीच्या छातीत येऊन बसली होती. वाकलं की फडफडायची. पाटी उचलली की दार ठोठावायची. जेवून उठताना डोळ्यांपुढे काळं यायचं तेव्हा धाकटीला वाटायचं, थोरलीच आपल्या डोळ्यांतून बाहेर बघतेय आणि म्हणून आपल्याला दिसत नाही.

त्याच दिवसांत तिला एक चटक लागली होती, पण ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. तापल्या विटेवर पाणी पडून वास उठला की तिच्या तोंडाला पाणी सुटायचं. आधी तिनं नखातली माती चाखली. मग मटारच्या दाण्याएवढा खडा जिभेवर ठेवला आणि तो विरघळेपर्यंत डोळे मिटून उभी राहिली. लाज वाटली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा खाल्ला.

एका दुपारी ती कोठीच्या खोलीत दाणे काढायला बसली. कोठीमागे अंधार होता. तोल सावरायला म्हणून तिनं भिंतीला हात लावला तर हात आत गेला. मातीच्या भिंतीत एक खळगा होता. उंदराचं बीळ नव्हे. कडा गुळगुळीत, बसलेल्या बाईच्या हाताला येईल अशा उंचीवर. वर नंतरचं लिंपण दिसत होतं, एकावर एक किती थर, आणि तेही पुन्हा खरवडलेले. धाकटीची बोटं त्या ओरखड्यांवर जाऊन बसली. एकेक बोट बरोबर आपापल्या ठिकाणी. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिनं हात मागे घेतला, आणि थोड्या वेळानं, स्वतःला थांबवत थांबवतच, पुन्हा पुढे नेला. नखानं एक कपचा काढला. तोंडात घातला.

मुंगी दारात उभी होती.

"मावशी," ती म्हणाली, "ती तुझ्या छातीत आहे ना?"

"कोण?"

"आई. आजी गाडीवानाच्या बायकोला सांगत होती. थोरलीनं धाकटीला धरलंय म्हणून."

तिनं ओठ पुसले. मुंगी जवळ आली, तिच्यापुढे बसली आणि काही न विचारता तिच्या छातीला कान लावला. कान थंडगार होता. आत तेव्हा चाललंच होतं, चुकत, अडखळत, धावत. मुंगी श्वास रोखून ऐकत राहिली. मग तिनं मान वर केली. त्या पोरीचा चेहरा इतका फुललेला धाकटीनं कधी पाहिला नव्हता.

"घाईत असते," मुंगी म्हणाली. "आई सदा घाईतच असायची."

तेव्हापासून रोज दुपारी, सगळे सावलीला टेकले की मुंगी यायची आणि कान लावून पडायची. सावत्र पोर आपणहून अंगाला येतेय, हे धाकटीला गोड वाटायचं आणि भीतीही वाटायची. ती मुंगीच्या केसांतून हात फिरवायची. केस गळून मुठीत यायचे.

चिखल तुडवायचा दिवस उजाडला. खड्ड्यात माती, भुसा, पाणी, आणि आत पोटऱ्यांपर्यंत बुडून धाकटी नि भट्टीवाला गोल गोल फिरत होते. ऊन डोक्यावर आलं. धाकटीला कानात शिट्टी ऐकू आली, हातपाय कुणा दुसऱ्याचे असावेत तसे वाटले आणि ती तोंडावरच चिखलात पडली. भट्टीवाल्यानं तिला उताणी केली, नाकातोंडातला चिखल बोटांनी काढला. त्याचा स्वतःचा चेहरा राखेसारखा झाला होता. "ए," तो तिला हलवत म्हणाला. "ए, ऊठ. ऊठ ना." त्यानं तिला गाडीवानाच्या गाडीत घातलं, रिकाम्या पिंपांच्या मधोमध, आणि गाडीवान या खेपेला हसला नाही.

दवाखान्यात नर्सबाईनं तिची खालची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली, नखं पाहिली. नखं चपटी होऊन मधे खोलगट झाली होती. मग छातीला तारा लावून यंत्रातून कागदाची पट्टी काढली, दंडातून रक्त काढलं.

"माती खातेस का?" नर्सबाईनं विचारलं, अगदी वेळ विचारावी इतक्या सहज.

भट्टीवाला शेजारीच उभा होता. "नाही," धाकटी म्हणाली.

"कच्चे तांदूळ? खापर? कोळसा?"

"काहीतरीच काय विचारता बाई," भट्टीवाला म्हणाला. "विटांचं काम आहे आमचं. माती हाताला असायचीच."

नर्सबाईनं त्याला प्यायचं पाणी आणायला बाहेर पाठवलं. तो गेल्यावर धाकटीनं मान डोलावली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि नर्सबाई म्हणत होती, "रडतेस कशाला? चोरी केलीस का? अंगात लोह उरलं नाही की असं होतं. कितीजणी येतात, आणि सगळ्या आधी नाहीच म्हणतात."

डॉक्टरीणबाई आली, पट्टी पाहिली, रक्ताचा कागद पाहिला. "हृदय चांगलं आहे," ती म्हणाली. "रक्त नाही. जे थोडं आहे तेच पुन्हा पुन्हा फिरवायला हृदयाला धावावं लागतंय. धडधडीची इतरही कारणं असतात, सगळीच खाण्यापिण्याची नसतात. पण तुझं कारण आधी तुझ्या ताटात शोधू." तिनं तांबड्या गोळ्या दिल्या. गोळीवर आणि जेवणावर चहा घ्यायचा नाही. डाळ, पाला, अंडं, जमेल तेव्हा मांस. जोडीला काहीतरी आंबट. शौचाला काळं होईल, घाबरायचं नाही. ओझी काही दिवस बंद.

"बाई," धाकटीनं विचारलं, "यानं माणूस मरतं?"

"लगेच नाही. पण वर्षानुवर्षं अंग असंच रिकामं ठेवायचं आणि वर ओझी वाहायची, तर हृदय थकून जातं."

दारात पेला घेऊन भट्टीवाला उभा होता. केव्हापासून, कोण जाणे. त्यानं पेला पुढे केला तेव्हा त्यात अर्धंच पाणी होतं आणि बाकीचं त्याच्या पायांवर. परत येताना सबंध वाटभर तो बैलांच्या पाठींकडे बघत बसला.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी त्यानं काही न बोलता आपल्या ताटातलं अंडं तिच्या ताटात सरकवलं. दुसऱ्या दिवशी भूक लागली तसं ते त्यानंच खाल्लं आणि खाऊन झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी धाकटीला तोंड उघडावं लागलं. जन्मात तिनं ताटावर काही मागितलं नव्हतं. तिचे कान गरम झाले.

"आत्या," ती सासूला म्हणाली, "डाळ ढवळून वाढा."

म्हातारीचा हात डावावर थांबला. "काय म्हणालीस?"

"तळापासून ढवळा. आणि मग सगळ्यांना वाढा."

म्हातारी मुलाकडे पाहू लागली. आता हा काय बोलतो. भट्टीवाला ताटातल्या मिठाशी बोटानं खेळत राहिला. मग म्हातारीनं डाव तळाला नेला आणि ढवळलं. तिनं सगळ्यांना सारखं वाढलं, आणि तिचं स्वतःचं ताट मात्र तसंच झाकून ठेवलं. "मला नको आज," म्हणाली, आणि कोठीच्या खोलीत जाऊन बसली. धाकटी मागे गेली तर म्हातारी त्या खळग्यासमोर बसलेली.

"मीच लिंपत होते हे," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "वाटायचं, उंदीर लागलेत."

धाकटी म्हणाली, "उंदीर नव्हते, आत्या."

"माहीत आहे," म्हातारी म्हणाली. "माहीत होतं."

गोळ्या सुरू झाल्या. तोंडाला लोखंडाची चव राहायची, पोट दुखायचं. धाकटी आता बसून साचा भरायची. पाट्या भट्टीवाला आणि गाडीवान वाहायचे. पण गोळ्यांची पुडी मात्र भराभर हलकी होऊ लागली. तिला वाटलं, आपलीच मोजदाद चुकतेय. मग एका सकाळी साच्यातून कच्ची वीट काढताना तिला त्यात एक डाग दिसला. गंजासारखा, ओला, पसरलेला. तिनं नखानं उकरलं. अर्धी विरघळलेली तांबडी गोळी. शेजारच्या विटेतही डाग होता. त्याच्या पुढच्याही.

तिनं मुंगीला हाक मारली. मुंगी आली, विटा पाहिल्या आणि पळाली नाही. खालचा ओठ दाताखाली धरून उभी राहिली.

"का गं?"

"ती चाललीय," मुंगी म्हणाली. "रोज ऐकते मी. आधी केवढ्यानं वाजायची. आता हळू वाजते. तू गोळ्या खाल्ल्यास की ती जाणार." आणि मग एकदम किंचाळून, "तुला काय होतंय! तुझी थोडीच आई आहे!"

धाकटीला राग यायला हवा होता. तिचा जीव होता या गोळ्यांत. पण तिनं उन्हात उभ्या असलेल्या त्या पोरीकडे नीट पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच नीट. ओठ नि गाल एकाच रंगाचे. ओठांच्या कोपऱ्यांना चिरा. एवढंसं ओरडून लागलेली धाप. धाकटीनं तिचा हात धरला आणि उलटा केला. नखं चपटी, आणि त्यांत माती. ही नुसती कामाची माती नव्हती. दातांवरही करडी रेघ होती.

"तूही खातेस?"

मुंगीनं हात ओढून घेतला. धाकटीनं तिला ओढतच कोठीमागे नेलं. मोठ्या खळग्याच्या खाली, जमिनीलगत, अजून एक होता. लहान. ताजा.

धाकटी मटकन खाली बसली. तिनं मुंगीला जवळ घेतलं आणि आजवर जे त्या पोरीनं केलं होतं ते उलटं केलं. पोरीच्या हडकुळ्या छातीला आपला कान लावला. आत तेच होतं. चुकत, अडखळत, धावत.

"तुझ्या छातीतपण धडधडतं?"

"चढ चढले की."

"कधीपासून?"

पण मुंगीला तिचा आवाज ऐकूच आला नाही. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरत होता. "म्हणजे ती माझ्यातपण आलीय?" तिनं विचारलं. "मावशी, खरं सांग. ती माझ्यातपण आहे?"

त्या आनंदाची धाकटीला जेवढी भीती वाटली तेवढी चिखलात पडतानाही वाटली नव्हती. तिला हो म्हणावंसं वाटलं. एका शब्दानं पोरगी सुखावली असती. त्याच शब्दानं तीही एक दिवस विटांना टेकून बसली असती.

"नाही," धाकटी म्हणाली. "ती नाही ही. ऐक माझं. ती तुझी आई होती. तुझ्यात आली असती तर तुला असं धापा टाकायला लावलं असतं तिनं? माती खायला लावली असती?"

"मग कोण आहे?"

"कुणी नाही. भूक आहे."

मुंगीचा चेहरा विझला. ती रडली नाही. तिनं धाकटीला दोन्ही हातांनी ढकललं, दंडाला चावली, नखांनी बोचकारलं, आणि धाकटीनं तिला सोडलं नाही. शेवटी दोघींना धाप लागली. त्या अंधाऱ्या खोलीत दोघींच्या छात्या एकमेकींना लागून धडधडत होत्या, आणि कुठली धडधड कुणाची ते सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी धाकटी मुंगीला घेऊन नर्सबाईकडे गेली. आता पुड्या दोन झाल्या. गोळी धाकटीसमोर गिळायची, जीभ बाहेर काढून दाखवायची. मुंगी जीभ दाखवायची आणि तोंड फिरवायची. दुपारची ती धाकटीच्या जवळ यायची बंद झाली. गाडीवान विहिरीच्या ओलाव्यावर उगवलेला रानपाला खुडून आणू लागला. पिंपातलं थोडं पाणी वाफ्यालाही जाऊ लागलं. भट्टीवाला त्यावर काही बोलला नाही, पण आपण होऊनही कधी घालत नसे. म्हातारी डाळ ढवळून वाढायची आणि शेवटी जेवायची. ते तिनं काही केल्या सोडलं नाही.

आणि थोरली खरोखरच निघून गेली. एकदम नाही, पाहुणं माणूस उंबऱ्यात रेंगाळावं तशी, एखाद्या सकाळी एखादा चुकलेला ठोका, मग बरेच दिवस काही नाही. माती खायची ओढही गेली. एक दिवस धाकटीनं सवयीनं खडा तोंडात टाकला तर तो नुसता मातीचा खडा लागला, आणि तिनं थुंकून टाकला. अंगात ताकद येत होती. पण कोठीच्या खोलीत जाताना तिला भरल्या घरातून कुणाला तरी हाकलून दिल्यासारखं वाटायचं. जिची एवढी भीती वाटली होती तिला आता ती मनातल्या मनात हाक मारून बघायची. आतून एकसारखी, शहाणी, मुकाट टकटक यायची. तिची स्वतःची.

भट्टी रचायचा दिवस आला. कच्च्या विटा वाळून खणखणीत झाल्या होत्या. खालून धाकटी वीट द्यायची, मधे मुंगी झेलायची, वर भट्टीवाला रचायचा. मुंगीच्या ओठांना जरासा रंग आला होता. मग मुंगी हातात वीट घेऊन थांबली.

"आता ती कुठेच नाही," ती वर बापाकडे बघून म्हणाली. "माझ्यात नाही, मावशीत नाही. घरात पण नाही. तुम्ही कुणी तिचं काही बोलतच नाही."

खाली विटा मोजणारी म्हातारी थांबली. भट्टीवाला पाठमोरा होता. त्यानं विटेची कड हातानं पुसली, पुन्हा पुसली.

"वीट दे," तो म्हणाला.

मुंगीनं वीट छातीशी धरली. "कशी होती ती?"

धाकटीला वाटलं, हा आता खेकसणार. ती पुढे सरकली. पण भट्टीवाला अर्ध्या रचलेल्या भट्टीवर खाली बसला. त्यानं तळ्याकडे पाहिलं. तिथं नुसता खड्डा होता, त्यांनीच खणलेला.

"पोहायची," तो म्हणाला.

"कोण? आई?"

"तळं भरलं की कुणाचं ऐकायची नाही. या काठावरून सूर मारायची ती पार तिकडं, त्या खडकापाशी वर यायची. तिथून हात करायची मला. मला नाही येत पोहायला." त्यानं खडकाकडे बोट दाखवलं. "मी इकडं ओरडायचो, बास, बास. तर ती हसायची आणि पुन्हा सूर. जाऊन परत. जाऊन परत. बघूनच मला धाप लागायची."

मुंगी त्या खडकाकडे बघत होती. अंतर बरंच होतं. ती ते नजरेनं जोखत होती, एकदा जाताना, एकदा येताना.

"दमायची नाही?" तिनं विचारलं.

भट्टीवाल्यानं हात पुढे केला, विटेसाठी. तो हात तसाच राहिला.

"तेव्हा नाही," तो म्हणाला.